माळ्यावरचे बिऱ्हाड

मेलबर्नमधील आमच्या घराच्या छतात गेले तीन आठवडे रात्री कोणीतरी जड पावलांनी येरझारा घालत असल्याचा जो आवाज येत होता, तो ब्रशटेल पॉसम या मांजराएवढ्या, झाडांवर राहणाऱ्या प्राण्याचा आहे, हे आज नक्की झाले. पकडून दूरच्या जंगलात सोडून द्यावे, हा माझा पहिला विचार. परंतु आमच्या व्हिक्टोरिया राज्यात 1975च्या वन्यजीव कायद्याने या प्राण्याला संरक्षण असून, पकडलेला पॉसम 50 मीटरच्या आतच सोडावा लागतो, असे छताचे काम करणाऱ्या गृहस्थांनी सांगितले. (शेजारच्या न्यूझीलंडमध्ये मात्र हाच प्राणी उपद्रवी ठरला आहे.) परक्या हद्दीत सोडलेले पॉसम बहुधा जगत नाहीत, हे ऐकल्यावर मी गप्प बसलो.

मग पिल्लू मागे राहिलेले नाही याची खात्री करून त्यांनी बाकीच्या फटी जाळीने बुजवल्या आणि उरलेल्या एका भोकाला केवळ बाहेरच्या बाजूस उघडणारी झडप बसवली. अंगणातील निलगिरीवर आम्ही त्याला राहायला एक लाकडी पेटीही टांगली. अंधार पडल्यावर झडप एकदा वाजली, त्यानंतर बराच वेळ कौलांवर नखांचा आवाज येत होता, आणि आईने फोनवर विचारले, "अरे, त्याला खायला काही ठेवलेस का?"