गच्चीवर सोलर, गल्लीभर शंका
आज बेळगावात शहापुरात मामांकडं गेलेलो, सोलर बसवायलेत म्हणून अर्धी गल्ली सल्ला द्यायला हजर. एक काका म्हणे पावसाळ्यात काय उपयोग, आता बेळगावचा पाऊस म्हणजे पाऊसच, पण ढगातनं पण वीज होते की, कमी होते एवढंच, आणि दिवसा जास्तीची झालेली हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, लाईनीत जाते, नेट मीटरवर दिलेल्या-घेतलेल्या विजेचा हिशोब लागतो. मामीला वाटलेलं करंट गेला तरी फॅन फिरणार, तर तसं नाही, बॅटरी नसली की साधा ऑनग्रिड, म्हणजे लाईनीला जोडलेला, इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, नाहीतर आपली वीज लाईनीत जाऊन तिथं काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसेल ना! मामी जाम चिडली. ३ किलोवॅटला केंद्राची सबसिडी ७८,००० रुपये, ती पण बसवून झाल्यावर. अन् गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, ज्यांचं बिल शून्य येतंय त्यांनी एवढी घाई कशाला करायची, काय की बाबा.