अमेरिकेतल्या पगारातून कापलेले ७.६५ टक्के कोथरूडमधून परत मागवले, त्याची गोष्ट

२०१८ च्या ऑगस्टमध्ये मी एमएस करायला अमेरिकेत गेले. २०२० मध्ये पास होऊन ओपीटीवर (शिक्षणानंतर मिळणारी कामाची तात्पुरती परवानगी) नोकरीला लागले आणि २०२२ च्या जानेवारीत कायमची पुण्याला परत आले. मार्चमध्ये २०२१ चं अमेरिकन रिटर्न भरायला बसले, तर नॉन-रेसिडेंट, म्हणजे कराच्या दृष्टीने तिथले रहिवासी नसलेल्या, लोकांसाठी असलेल्या सॉफ्टवेअरने डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा कागद) मधल्या चौथ्या आणि सहाव्या चौकटीवर लाल खूण केली. चौथीत सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शनची कपात), सहावीत मेडिकेअर (म्हातारपणच्या सरकारी आरोग्य विम्याची). एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना हे पैसे कापायलाच नको होते, असं त्याचं म्हणणं. आदल्या वर्षीचं रिटर्न मी हाताने भरलं होतं आणि १०४०-एनआर या नॉन-रेसिडेंटच्या रिटर्नमध्ये या चौकटींचं काही काम पडत नाही, त्यामुळे तेव्हा हा विषय निघालाच नव्हता.

हा इन्कम टॅक्स नव्हे. अमेरिकेत पगारातून दोन गोष्टी वेगळ्या कापतात: इन्कम टॅक्स एक, आणि फायका म्हणतात ती कपात दुसरी. फायकात सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के, मिळून ७.६५. तेवढीच रक्कम कंपनीही आपल्या खिशातून भरते. हे वाक्य लक्षात ठेवा, माझं निम्मं काम पुढे त्यानेच झालं.

तिथल्या कर कायद्याच्या कलम ३१२१(बी)(१९) प्रमाणे एफ-१, जे-१ वगैरे व्हिसावरचे नॉन-रेसिडेंट त्या व्हिसाच्या उद्देशासाठी जे काम करतात, त्या पगारावर फायका लागत नाही. सीपीटी (शिकत असतानाचं काम), ओपीटी, स्टेम ओपीटी (विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेल्यांची वाढीव ओपीटी) सगळं त्यात येतं. अडचण 'नॉन-रेसिडेंट' या शब्दाशी. विद्यार्थ्याला साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं तसं धरतात, आणि वर्षातला एक दिवस जरी तिथे काढला तरी ते अख्खं वर्ष मोजलं जातं. माझी वर्षं २०१८ ते २०२२. ऑगस्टात गेले तरी २०१८ पूर्ण गेलं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विमानात बसणाऱ्यांचं तर चार-पाच दिवसांपायी एक वर्ष खर्ची पडतं. तिकीट काढताना हे कोणी सांगत नाही.

माझ्या दोन कंपन्या झाल्या, दोन्ही छोट्या. २०२० चे शेवटचे सहा महिने पहिलीत, २०२१ पूर्ण दुसरीत. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये माणसाला फायकातून वगळायची खूण कोणीतरी हाताने करावी लागते, ती दोन्हीकडे कोणी केली नव्हती. पहिल्या कंपनीत माझा पगार झाला होता ४०,००० डॉलर. त्यातले २,४८० सोशल सिक्युरिटीला आणि ५८० मेडिकेअरला गेले. ३,०६० डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने दोन लाख तीस हजारांच्या पुढे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "सरकारने एकदा घेतलेलं परत देतं होय? मग ते अमेरिकेचं असो नाहीतर आपलं."

नियम असा की आधी कंपनीकडे मागायचं. तिने नाही म्हटलं, किंवा तिच्याकडून काही होण्यासारखं नसेल, तरच आयआरएसकडे, म्हणजे तिथल्या कर खात्याकडे, जायचं. दुसऱ्या कंपनीच्या एचआरला मी व्यवस्थित, नम्र मेल लिहिला: माझी कपात चुकून झाली आहे, हे कलम, हा माझा व्हिसा. गोड उत्तर आलं, "तुमच्या टॅक्स सल्लागाराशी बोला." पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. मग एके दिवशी हिंजवडीहून घरी येताना बसमध्ये डोक्यात आलं, की माझे पैसे हा त्यांच्या दृष्टीने माझा प्रश्न आहे. त्यांचे पैसे हा त्यांचा प्रश्न आहे. घरी आल्यावर एचआरला बाजूला ठेवून थेट हिशेब बघणाऱ्या बाईंना लिहिलं: माझ्यासाठी कंपनीनेही तेवढीच रक्कम भरली आहे. फॉर्म ९४१-एक्स भरून दुरुस्ती केलीत तर माझा वाटा मला आणि तुमचा वाटा तुम्हाला परत मिळेल. दुसऱ्या दिवशी उत्तर! माझ्यासारखे अजून किती विद्यार्थी त्यांच्याकडे होते ते त्यांनीच शोधून काढलं.

त्यांनी माझ्याकडून एका कागदावर सही घेतली, की हे पैसे मी आयआरएसकडून घेतलेले नाहीत आणि पुढे मागणारही नाही. मागच्या वर्षाची दुरुस्ती करताना कंपनीला असं लेखी लागतंच, तेव्हा घाबरून जाऊ नका. काही आठवड्यांत पैसे माझ्या तिथल्या खात्यात आले आणि दुरुस्त केलेला डब्ल्यू-२सी आला. २०२१ चा विषय संपला. तुमची कंपनी अजून चालू असेल तर हाच रस्ता धरा, आयआरएसच्या वाटेला जाऊ नका.

मला मात्र त्याही वाटेला जावं लागलं, कारण पहिली कंपनी मधल्या काळात विकली गेली होती. जुने मेल परत येत होते. ज्यांनी विकत घेतली त्यांनी कळवलं की जुनी पगाराची कागदपत्रं आमच्याकडे नाहीत. तो मेल मी जपून ठेवला, आणि तोच उपयोगी पडला.

आयआरएसकडे जातात ते फॉर्म ८४३ आणि ८३१६. दोन्ही कागदावरच, ऑनलाइन नाही. प्रत्येक वर्षाला वेगळा ८४३. त्यात रक्कम, वर्ष, कराचा प्रकार आणि खाली कारण. कारणात मी चारच ओळी लिहिल्या आणि कलम नंबरासकट टाकलं. ८३१६ मध्ये मुख्यतः कंपनीबद्दल विचारतात: पैसे परत दिले का, किती दिले. सोबत कंपनीचं पत्र लागतं. ते मिळत नसेल तर का मिळत नाही हे सांगणारं स्वतःचं निवेदन चालतं. माझं निवेदन एका पानाचं, मागे सगळे मेल तारखांसकट छापलेले. माझ्या मते अख्ख्या गठ्ठ्यात वजन होतं ते याच पानांना. बाकी डब्ल्यू-२, व्हिसाचं पान, आय-९४ (देशात आल्याची सरकारी नोंद), ओपीटीची नोंद असलेली आय-२० (विद्यापीठाने दिलेला विद्यार्थी असल्याचा कागद), ईएडी कार्ड (कामाचा परवाना) आणि भरलेल्या १०४०-एनआरची प्रत, हे सगळ्यांचं सारखंच असतं. आय-९४ आणि येण्याजाण्याची नोंद त्यांच्या सरकारी साइटवरून भारतात बसूनही काढता येते.

एक मित्र इथेच अडकला. त्याने रिटर्न रेसिडेंटसारखं, साध्या १०४० वर भरलं होतं. मी नॉन-रेसिडेंट आहे म्हणून फायका परत द्या असं म्हणायचं आणि सोबत रेसिडेंटचं रिटर्न लावायचं, हे कसं चालणार? त्याला आधी १०४०-एक्स भरून ते दुरुस्त करावं लागलं.

आमच्या सदाशिव पेठेतल्या सीए काकांनी गठ्ठा चाळला आणि म्हणाले, "नोटरी कुठाय?" नोटरी लागत नाही. कर्वे रोडवर एफोर कागदावर छापलं, निळ्या पेनाने सही केली. टपालाने पाठवायचा पत्ता युटामधल्या ऑग्डेनचा आहे. खासगी कुरिअरसाठी मात्र तिथलाच वेगळा, रस्त्याच्या नावासकटचा पत्ता वापरावा लागतो आणि कोणत्या कुरिअरची कोणती सेवा चालते याची यादी आयआरएसने दिलेली आहे. त्यातली एक निवडली आणि पोचल्याची नोंद छापून फाइलला लावली.

मुदतीची घाई मला नव्हती. २०२० ची कपात १५ एप्रिल २०२१ ला भरली असं धरतात, तिथून तीन वर्षं, म्हणजे १५ एप्रिल २०२४ पर्यंत. मी २०२२ च्या पावसाळ्यातच पाठवलं. यात महिनेच्या महिने जातात हे गृहीत धरा. परदेशातून चौकशीला आयआरएसचा वेगळा नंबर आहे, तो टोल-फ्री नाही. त्यांच्या सकाळी सहाला सुरू होतो, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. चहाच्या सुट्टीत लावता येतो.

टक्केवारीवर हे काम करून देणारे एजंट आहेत. गुंतागुंत असेल तर त्यांच्याकडे जायला हरकत नाही, उदाहरणार्थ ज्या वर्षात व्हिसा बदलला ते वर्ष. माझी मैत्रीण १ ऑक्टोबरला एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेली. ३० सप्टेंबरपर्यंतची कपात ती मागू शकते, त्यानंतरची तिला लागूच आहे. भारत आणि अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा करार नाही आणि तिथल्या पेन्शनला साधारण दहा वर्षांची नोकरी लागते. त्यामुळे पाच-सहा वर्षांनी परतणाऱ्या एच-१बीवाल्यांचे पैसे तिथेच राहतात. मला हा उघड अन्याय वाटतो, पण त्यावर ८४३ चं औषध नाही.

फॉर्मवर मी न्यू जर्सीतल्या मावसभावाचा पत्ता दिला होता. २०२३ मध्ये चेक त्याच्याकडे आला, त्याने कुरिअरने पाठवला आणि मी मागे सही करून तिथल्या बँकेच्या ॲपमधून फोटो काढून भरला. अमेरिकी ट्रेझरीचा चेक वर्षभर चालतो. आता सप्टेंबर २०२५ अखेरपासून तिथलं सरकार कागदी चेक टप्प्याटप्प्याने बंद करत आहे, म्हणून परत येताना तिथलं बँक खातं बंद करू नका. मी माझं अजून चालू ठेवलं आहे.