टाके भरले, मग बोलणं नाकात का?

जन्मतः दुभंगलेल्या टाळूचं, म्हणजे तोंडाच्या आतल्या छताचं, ऑपरेशन झालेली मुलं माझ्याकडे स्पीच थेरपीला येतात. मी नाकाखाली छोटा आरसा धरते आणि ‘पापा’, ‘बाबा’ म्हणायला लावते. आरशावर वाफ धरली की समजायचं, हवा नाकातून निसटतेय. ‘बाबा’चं ‘मामा’ होतं आणि समोर बसलेले बाबा ओशाळं हसतात. मग ठरलेला प्रश्न येतो: “मॅडम, सर्जन तर म्हणाले टाके छान भरलेत, भोकही राहिलं नाही. मग हा असा का बोलतो?”

कारण भोक बुजणं वेगळं आणि आतला स्नायू नीट कामाला लागणं वेगळं.

मऊ टाळू म्हणजे टाळूचा मागचा, हलणारा पडदा. तो वर उचलून घशाच्या मागच्या भिंतीशी टेकवणारा आणि बोलताना नाकाकडची वाट बंद करणारा मुख्य स्नायू म्हणजे लेव्हेटर. एरवी तो दोन्ही बाजूंनी येऊन मध्यभागी जुळतो, झोळीसारखा. दुभंगलेल्या टाळूत मध्ये जुळायला जागाच नसते, म्हणून त्याचे तंतू पुढे वळून कठीण टाळूच्या मागच्या कडेला चिकटतात. व्हिक्टर व्हो या फ्रेंच सर्जननी १९३१ साली हे वर्णन केलं. ते तंतू सोडवून, मागे फिरवून आडवे जोडायची पद्धत सर्जन क्रीन्स यांनी १९६९ मध्ये मांडली. पण सोडवायचं म्हणजे कापणं आलंच. आधीच वेड्यावाकड्या वाढलेल्या स्नायूला वर ही जखम.

इथे स्नायूच्या स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी, कामाला येतात. त्यांना सॅटेलाइट सेल म्हणतात. अलेक्झांडर मॉरो या शास्त्रज्ञांना त्या १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसल्या: स्नायूतंतूला अगदी खेटून, त्याच्या बाहेरच्या पापुद्र्याच्या आत. एरवी त्या स्वस्थ पडून असतात. जखम झाली की जाग्या होतात, विभागतात, एकमेकींत मिसळून नवे तंतू बनवतात किंवा जुन्या तंतूंची डागडुजी करतात. काही जणी पुन्हा स्वस्थ होतात, पुढच्या वेळेसाठी. मला ही शेवटची गोष्ट फार आवडते. सगळा साठा एकदम उधळायचा नाही, हे पेशींनाही कळतं.

पण हातापायांचे स्नायू आणि डोक्या-घशाचे स्नायू यांचा उगम गर्भात वेगळा असतो. उंदरांवरच्या प्रयोगांत जबड्याचा चावायचा स्नायू पायाच्या स्नायूइतका चांगला भरून येत नाही, असं दिसलंय. पेशी मागे पडल्या की ती जागा कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा चिवट व्रण घेतो. व्रण जखम धरून ठेवतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो आकुंचन पावत नाही आणि टाळूला ताठ, आखूड करतो. आरशाने तोंडात बघितलं तर सगळं गुलाबी, नीटनेटकं. बोलायला लागलं की पडदा घशाच्या भिंतीपर्यंत पोचत नाही.

म्हणून ‘फुगे फुगवा, शिट्ट्या वाजवा, स्नायू मजबूत होईल’ हा सल्ला कुणी दिला की मला राग येतो. फुगवण्याने बोलण्यातली ही उणीव भरून निघते असा पुरावा नाही. पोर दमतं आणि ‘मेहनत करत नाही’ म्हणून वर बोलणी खातं. उच्चाराच्या चुकीच्या सवयी मी थेरपीने सुधारू शकते. आखूड पडलेला पडदा मला लांब करता येत नाही. त्यासाठी नाकातून दुर्बीण घालून, मूल बोलत असताना पडदा कुठवर जातो ते बघावं लागतं आणि गरज असेल तर दुसरं ऑपरेशन.

स्टेम सेलचं इंजेक्शन? हल्ली हाही प्रश्न येतो. व्रण कमी आणि स्नायू जास्त कसा बनेल यावर प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर काम चालू आहे. पेशींना आधार देणारे कोलॅजनचे साचे, वाढीचे घटक वगैरे. टाळूसाठी ते अजून प्रस्थापित उपचार नाहीत. कुणी पॅकेज म्हणून विकत असेल तर पैसे भरण्याआधी ऑपरेशन केलेल्या सर्जनना ते कागद दाखवा.