फुल गँग

रविवार, रात्रीचे साडेनऊ.

पाय दुखतायत, झोप येत नाहीये, आणि दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणून लिहितेय.

काल संध्याकाळी निल्याचं स्टेटस बघितलं. नांदूर मधमेश्वरचा बंधारा, कठड्याला टेकवलेल्या सायकली, सातजण दात काढून उभे, आणि खाली लिहिलंय 'फुल गँग'. बस, दोनच शब्द. ते स्टेटस मी आठ-दहा वेळा तरी उघडलं असेल (आणि बघणाऱ्यांच्या यादीत माझं नाव त्याला दिसणार हे कळूनसुद्धा उघडलं, आता काय लपवायचं). माणसं मोजली. अण्णा, डॉक्टर, दोन्ही जोशी, वैशू, निल्या, आणि एक नवीनच पोरगा, हेल्मेटवरचं स्टिकर पण काढलेलं नाही त्याने अजून. त्याला धरून सात. म्हणजे तो पोरगा फुलमध्ये आहे.

आणि वैशू. वैशूने तरी.

बरं नांदूर मधमेश्वरला जाऊन यायचा हा लूप कोणी काढला? मी काढला. २०१५ साली आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी ती अमेरिका आरपार करायची सायकल शर्यत, रॅम, पूर्ण केली तेव्हा नाशकात ज्याला त्याला सायकल घ्यायची होती, आम्हीही घेतल्या, आणि सगळे आपले उठसूट त्र्यंबक रोडला नाहीतर गंगापूर-गिरणाऱ्याला. पूर्वेला कोणी जायचंच नाही, तिकडे काय आहे, ऊस नि कांदा, असं म्हणायचे. मी म्हटलं तिकडे चढ नाही, गाड्या फक्त हायवेला, सायखेड्यानंतर सगळा गावरस्ता, आणि शेवटी पाणी. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते मॅडम पक्षी बघायला सायकल कशाला. आता तेच डॉक्टर फोटोत मधोमध.

तर पहाटे पाचला उठले आणि निघाले. असं नाही की ठरवलं होतं. जाग होतीच. पंक्चर किट दिवाणाखाली असतं, तिथे आता ते दोन खोके आहेत, ते सरकवले तेव्हा आवाज झाला, वाटलं दादा तरी विचारेल कुठे चाललीस. नाही विचारलं. हल्ली आमच्याकडे कोणी कोणाला काही विचारत नाही. ते असो.

जेलरोडवरून दसकचा पूल ओलांडून नांदूर नाक्याला आलं की अण्णा न चुकता म्हणतात, "चला, नांदूरहून नांदूरला." दर वेळी. आम्ही दर वेळी कण्हतो. आज एकटीच होते, तर नाक्यावर सिग्नलपाशी माझ्याच तोंडून ते निघून गेलं, मोठ्याने, शेजारी भाजीचा टेम्पो, त्यातला माणूस बघायला लागला. इतकं कसंतरी झालं ना.

थंडी निफाडची होती. ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात पहिल्या पानावर येतो तो उगाच नाही. माडसांगवीपर्यंत ठीक होतं, लाखलगावच्या पुढे हाताची बोटं गेली, ब्रेक दाबतेय की नाही ते बघून समजायचं. उसाच्या ट्रॉल्या, एकामागे दोन जोडलेल्या, बाजूने गेल्या की आधी वारा आत ओढतो आणि मग बाहेर ढकलतो. द्राक्षाच्या बागांमध्ये घडांना कागद लावून झालेले, धुक्यात बघितलं तर वाटतं कोणीतरी पेपर वाळत घातलेत. एका बागेत कडेकडेने शेकोट्या पेटवल्या होत्या, धूर जमिनीलगत पसरलेला, वर जातच नव्हता. इथे थांबून फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा हे डोक्यात आलं, आणि लगेच, नाही टाकणार. बघू दे त्यांना नुसताच स्ट्राव्हा, ते राईड नोंदवणारं ॲप.

म्हणजे एवढा सुंदर रस्ता आणि मी पूर्ण वेळ काय करत होते तर कारणं शोधत होते. एक, मी हळू झालेय. गुडघ्यानंतर तासाला बावीसच्या वर जात नाही, त्यांचं अठ्ठावीसवर चाललंय. दोन, मी थांबते. प्रत्येक खंड्याला थांबते असं धाकटे जोशी म्हणतात, आणि हे खोटं आहे, साध्या खंड्याला मी आता नाही थांबत. तीन, मी बोलते. चार, मी बोलत नाही, डिसेंबरपासून. यातलं कुठलंही एक कारण असतं तर चाललं असतं. पण मग स्पष्ट सांगायचं ना. 'फुल' लिहायचं नाही.

चांदोरीला चहा घेतला. सायखेड्याच्या पुलावर नेहमीसारखी थांबले. खाली पाणी आत्ता कसं शहाण्यासारखं वाहत होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच पाणी दोन्ही गावांत घुसलं होतं, त्याआधी २०१६ लाही. नाशकात दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं की आपण छत्री घेऊन होळकर पुलावर बघायला जातो, गर्दी, मका, सेल्फी, आणि तेच पाणी पुढे इकडे लोकांच्या ओट्यावर चढतं. हा विचार मला दर वेळी या पुलावर येतो आणि पूल संपला की जातो.

सायखेड्याच्या पुढे पाचेक किलोमीटरवर मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. आजवर पंक्चर निल्या काढायचा, म्हणजे मला येतं, पण तो काढायचा. दोन्ही बाजूंना उन्हाळ कांद्याची लागण चाललेली, वाफ्यात पाणी सोडलेलं, बायका ओळीने वाकून रोपं टोचत होत्या, आणि मी बांधावर सायकल उलटी करून बसले. टायरची कड सुटेना, लिव्हर दोनदा निसटून बोटावर बसला. ट्यूब बाहेर काढली, नवीन घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं असतं, नाहीतर काटा तिथेच राहतो आणि नवीन ट्यूब पण जाते. पण बोटं बधिर, काही लागेना. गालाजवळ धरून फुंकर मारली, चोळली, परत फिरवलं, परत. तिसऱ्या फेरीला लागला, एवढुस्सा, बाहेरून दिसत पण नव्हता. एक पोरगं केव्हापासून शेजारी उकिडवं बसून बघत होतं. म्हणालं, "मावशी, तुमची मान्सं पुढं गेली का?" आता याला काय सांगणार. म्हटलं, "हो, कालच गेली." त्याला पटलं ते.

पस्तीस मिनिटं लागली. निल्याला आठ लागतात.

चापडगावला पोचले तर ऊन आलेलं आणि पाण्यावर नुसता कल्ला. इतक्या वेळा आलेय पण मनोऱ्यावर चढून पहिल्यांदा पाणी दिसतं ना, तेव्हा पोटात काहीतरी होतंच. चित्रबलाक, मोरशराटी, शेकाट्या त्यांच्या त्या लाल काड्यांसारख्या पायांवर गुडघाभर पाण्यात. खरं तर ही जागा एका फसलेल्या हिशोबातून झालीये. इंग्रजांनी गोदावरी-कादवेच्या संगमावर बंधारा घातला तो कालव्यांसाठी, खाली कोपरगावकडे पाणी न्यायला. मग वर्षानुवर्षं गाळ येत राहिला, पाणी साठायची जागा कमी होत गेली, बेटं झाली, उथळ झालं, गवत माजलं. आणि उथळ झालं म्हणून तर हे लांब पायवाले आले, खोल पाण्यात ते उभे तरी कसे राहणार. १९८६ ला अभयारण्य, आणि २०२० च्या जानेवारीत रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, महाराष्ट्रातली पहिली जागा. लोणारचा नंबर नंतर लागला. हे मी प्रत्येक राईडला सगळ्यांना सांगते. (कारण क्रमांक पाच?)

दुर्बीणवाला गाईड तोच होता. लांबूनच म्हणाला, "ताई, तुम्ही त्या हळदी-कुंकूवाल्या ना?" तर झालं असं होतं की गेल्या वर्षी त्याने बदक दाखवलं, काळी चोच, टोकाला हळद लावल्यासारखं पिवळं आणि कपाळाशी दोन लाल ठिपके, नाव हळदी-कुंकू बदक, आणि मी इतकी हसले होते, म्हटलं हे तर सवाष्ण बदक. त्याच्या लक्षात राहिलं बिचाऱ्याच्या.

म्हणाला, "काल तुमची लोकं आल्ती. धा मिन्टं नाय थांबली. बंधाऱ्यावर फोटू काढायचाय म्हनले आन गेली."

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पक्ष्यांकडे बघितलंसुद्धा नाही म्हणजे.

मग म्हणाला, "मी म्हटलं ताई नाय का आल्या. तर म्हनले त्यांच्याकडं लग्न हाये घरात."

मी काही बोललेच नाही.

"कव्हाचं हाये?"

"फेब्रुवारीतलं," म्हटलं मी.

"पोरीचं का?"

"भाचीचं. चिमीचं."

"मग ह्या घाईगर्दीत बऱ्या आल्या," म्हणाला, आणि दुर्बीण माझ्याकडे वळवून दिली. मी डोळा लावला आणि लावूनच ठेवला. समोर वारकरी पक्षी होते, शेकडो, काळेभोर आणि कपाळाला पांढरा टिळा, सगळे एकाच दिशेला तोंड करून. तो शेजारून चक्रवाक दाखवत होता, डावीकडं ताई, डावीकडं, तिकडं लडाखकडून येत्यात, आणि मी हो हो करत होते आणि वारकरीच बघत होते. बराच वेळ.

निफाडला येऊन वडापाव खाताना मोबाईल काढला आणि ग्रुपवर वर वर वर जात राहिले. सापडलं. ९ डिसेंबर, माझाच मेसेज. 'मंडळी, घरात लग्न आहे, फेब्रुवारी संपेपर्यंत मला राईडला धरू नका.' शेवटी हात जोडलेले. खाली सगळ्यांचे अंगठे, अण्णांचं 'अरे वा, अभिनंदन, पत्रिका पाठवा', वैशूचं 'साडी खरेदीला मी येणार', आणि निल्याचं 'मग तोपर्यंत फुल गँग तुमच्याशिवायच समजायची का'.

त्याने विचारलं होतं चक्क. आणि मी त्याला नाचणारी बाई पाठवलेली.

म्हणजे झालं की सगळं. चूक कोणाचीच नाही. तरी वडापाव संपेपर्यंत माझं डोकं काय म्हणत होतं माहितीये? की धरू नका म्हटलं म्हणजे काय धरायचंच नाही? पंगतीत नको नको म्हटलं तरी जिलबी पडतेच ना पानात? एकदा तरी आग्रह? हे मी मनात म्हटलं आणि मलाच हसू आलं, वडापाववाला बघायला लागला. आज सगळे बघतच होते माझ्याकडे.

त्यानंतर मी ग्रुपवर काही लिहिलेलंच नाही. काय लिहिणार. 'मंडळी, आता धरा'?

परतीला उलटं वारं होतं, हायवेला नुसती मान खाली घालून मारत राहिले, चांदोरी कधी गेलं कळलं नाही. मीटर नव्वदच्या थोडं पुढे. घरी आले तर चिमी ओट्यावर बसली होती उन्हात, केस धुतलेले. म्हणाली, "आत्या, हात बघ किती काळे झालेत." मग तिनेच रॉकेलचा बोळा आणून दिला आणि तिथेच बसून राहिली, मी चेन पुसेपर्यंत. बोललो नाही फार. मध्येच तिने विचारलं काटा कसा शोधतात, मी तिला टायरमध्ये बोट कसं फिरवायचं ते दाखवलं. खोके मात्र मी परत दिवाणाखाली ढकलले नाहीत, माळ्यावर टाकून आले. तिने बघितलं. मीही बघितलं तिने बघितलेलं.

एवढ्यात ग्रुपवर डॉक्टरांचं आलं होतं, 'मॅडम, स्ट्राव्हावर राईड दिसली. एकट्याच?? लग्नाची गडबड उरकली की काय?'

चार वेळा लिहून पुसलं. शेवटी एवढंच लिहिलं, 'पुढच्या शनिवारपासून मला धरा. बाकीचं चांदोरीच्या चहाला सांगते. आणि मनोऱ्यावरून दहा मिनिटांत निघायचं नाही.'

सहा अंगठे आलेत. नवीन पोराचा पण आलाय, मी त्याला ओळखतसुद्धा नाही. निल्याचा नाही आला अजून. नऊला झोपतो म्हणा तो.

पण निळ्या टिका दिसतायत त्याच्या.