एका वाटेने दोघे

सोमवारी संध्याकाळी आमच्या घरातली कामे एरवीपेक्षा लवकर उरकतात. आई ज्वारीच्या भाकरी सातच्या आत टोपल्यात घालून ठेवते, मी शाळेच्या तपासायच्या वह्या बाजूला सारते आणि आम्ही दोघी गच्चीवर जाऊन बसतो, कारण खाली अंगणात नेटवर्क धड मिळत नाही. साडेसातला फोन वाजतो. हिवाळ्यात तेव्हा इंग्लंडात दुपारचे दोन वाजलेले असतात. उन्हाळ्यात तिकडची घड्याळे तासभर पुढे सरकवतात, म्हणून मग आमची वेळ साडेसहावर येते. पडद्यावर धाकटा भाऊ दिसला की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “जेवला का रे बाबू?”

भाऊ तेवीस वर्षांचा आहे आणि गेल्या वर्षभरापासून ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या चर्चचा पूर्णवेळ मिशनरी म्हणून लँकेशायरमध्ये आहे. लोक या चर्चला मॉर्मन चर्च म्हणतात, पण २०१८ पासून तिथले नेतृत्व पूर्ण नावाचाच आग्रह धरते, त्यामुळे मी ‘मॉर्मन’ म्हटले की तो शांतपणे मला दुरुस्त करतो. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात हे नाव पूर्वी कोणी ऐकलेही नव्हते. आता निदान पाच-सहा घरांत ते माहीत आहे, आणि प्रत्येक घरातून मला एकच प्रश्न विचारला जातो: “किती लोक बदलवले मंग त्यानं?” या प्रश्नाला उत्तर द्यायचे म्हणूनच मी हे लिहायला घेतले आहे, कारण गेल्या वर्षभरातल्या त्याच्या पत्रांतून मला जे दिसले त्याचा या हिशेबाशी फारच थोडा संबंध आहे.

आधी आमच्या घराबद्दल सांगायला हवे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या मैदानावर माझे आजोबा होते. आमच्या घरात ही गोष्ट कुलदैवताच्या जागी आहे. भाऊ बारा वर्षांचा असताना दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला, म्हणजे काही दिवस नवख्या बौद्ध भिक्खूसारखे राहण्याच्या शिबिराला, गेला होता. मुंडण केलेल्या, चीवर पांघरलेल्या त्या मुलाचा फोटो अजून बैठकीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलेला आहे. तोच मुलगा पुढे नोकरीसाठी हैदराबादला गेला, बरोबर काम करणाऱ्या एका मित्रासोबत रविवारच्या सभेला जाऊ लागला आणि एक दिवस त्याने बाप्तिस्मा घेतल्याचे फोनवर सांगितले. आई रडली. बाबा रागावले नाहीत. ते त्याच्याशी बोलेनासे झाले, आणि ते मला जास्त जड गेले. मी स्वतः त्याच्या श्रद्धेची वाटेकरी नाही आणि होणारही नाही. पण आपल्या विवेकाला पटलेला धर्म निवडण्याचा हक्क ज्या घराने एवढी किंमत मोजून मिळवला, त्या घराने तो पुढच्या पिढीला नाकारावा, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

मिशनवर जाण्याचे नियम त्याने मला नीट समजावून दिले होते. तरुण पुरुषांना अठरा ते पंचवीस या वयात जाता येते आणि सेवा चोवीस महिन्यांची असते. मुलींची अठरा महिन्यांची. पगार नसतो, उलट खर्च स्वतःच करायचा असतो, आणि ज्याला तो पूर्ण झेपत नाही त्याला चर्चकडून आधार मिळतो. भावाने हैदराबादच्या पगारातून दोन वर्षे पैसे साठवले होते. कुठे जायचे हे मात्र आपण ठरवायचे नसते. अर्ज केल्यावर नेमणुकीचे पत्र येते, आणि त्यात प्रेस्टन लिहिले असो वा पेरू, तिथे जायचे. निघण्याआधी महिनाभर तो घरी होता. त्यांच्यात १८३३ पासून चालत आलेल्या एका उपदेशानुसार दारू आणि तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य आहे. पाहुण्याने चहा नाकारला तर आमच्याकडे तो अपमान समजला जातो, आणि इथे तर पोटचा मुलगाच नाकारत होता. आईने दोन दिवस सहन केले आणि तिसऱ्या दिवशी चहाची पत्ती न घालता गवती चहाची पात, आले आणि गूळ उकळून त्याच्यासमोर ठेवले. ते त्याला चालत होते. त्यानंतर महिनाभर सकाळी चुलीवर दोन पातेली चढत होती.

आता त्याच्या आठवड्याविषयी. दिवस सकाळी साडेसहाला सुरू होतो. अर्धा तास व्यायाम, आंघोळ, न्याहारी, मग आधी एकट्याने आणि नंतर जोडीदारासोबत धर्मग्रंथाचा अभ्यास. दहाच्या सुमारास दोघे बाहेर पडतात ते रात्री नऊच्या आसपास परत येतात, दुसऱ्या दिवशीची आखणी करतात आणि साडेदहाला दिवा मालवतात. पांढरा सदरा, टाय, आणि छातीवर काळी पट्टी, जिच्यावर ‘एल्डर’ ही पुरुष मिशनरींची पदवी आणि पुढे आमचे आडनाव आहे. त्याला तिकडे कोणी पहिल्या नावाने हाक मारत नाही, त्यामुळे सोमवारी आईच्या तोंडून ‘बाबू’ ऐकले की आपण मोकळे होतो, असे त्याने एकदा लिहिले होते. आठवड्यातून एकदा आसपासच्या काही जोड्या एकत्र बसून आपापल्या कामाचा आढावा घेतात. रविवारी दोन तासांची सभा असते, तिथे पाव आणि पाणी वाटले जाते. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडायचे आणि त्याचे वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे. हे मी बाबांना वाचून दाखवले, तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण स्वतः पौर्णिमेला उपोसथ, म्हणजे बौद्धांचे उपवासाचे व्रत, धरणारा हा माणूस ते ऐकताना वर्तमानपत्र खाली ठेवून बसला होता.

सोमवार हा त्यांचा तयारीचा दिवस. कपडे धुणे, खोली झाडणे, आठवड्याचे सामान आणणे, केस कापणे आणि घरी पत्र लिहिणे ही सगळी कामे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उरकायची असतात. पूर्वी मिशनरींना घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदाच असे, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून ती आठवड्यातून एकदा मिळू लागली. ती मिळाली नसती तर आईचे काय झाले असते, याची मी कल्पना करू शकत नाही.

आणि जोडीदार. या सगळ्या व्यवस्थेतली मला सर्वात अवघड वाटणारी गोष्ट हीच आहे. मिशनरी कधीही एकटा नसतो. न्हाणीघर सोडले तर जोडीदार सतत नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असला पाहिजे, आणि तो आपण निवडलेला नसतो. दर सहा आठवड्यांनी बदल्यांचे आदेश येतात. त्यात जोडी तुटते किंवा आणखी सहा आठवडे टिकते. भावाचा एक जोडीदार रात्री झोपेत मोठ्याने बोलत असे, दुसरा तीन दिवस त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्या तीन दिवसांविषयी त्याने फक्त एवढेच लिहिले होते की चौथ्या दिवशी आपणच त्याचे सदरे इस्त्री करून दिले आणि मग तो बोलला. आमच्याकडे दोन भावांच्या वाटण्या झाल्या की मधली भिंत अबोल्याने आणखी उंच होत जाते, हे पाहत मी वाढले, म्हणून ते एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले.

गेल्या हिवाळ्यात त्याच्याबरोबर आयडाहोचा एक मुलगा होता, एकोणीस वर्षांचा, बटाटे पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा. दोघांचे पाण्याच्या पाळ्यांवरून आणि बाजारभावावरून छान जमले. वेचणीचे दिवस होते आणि एका सोमवारी आई शेतातून थेट गच्चीवर आली होती, ओटीत कापूस तसाच. त्या मुलाने झाडावरचा कापूस कधी पाहिला नव्हता. आईने एक उमललेले बोंड फोनसमोर धरले, वाळलेल्या पाकळ्यांची टोके नखांना कशी बोचतात ते बोट दाखवून सांगितले, मग चिमटीने एक फोड ओढून काढली, तिच्यातली सरकी चाचपून वेगळी केली आणि तळहातावर ठेवली. तो मुलगा पडद्याच्या इतका जवळ आला की आम्हाला फक्त त्याचे कपाळ दिसत होते. भाऊ त्याला म्हणाला की तू ज्या गावात राहतोस ते गाव यावरच उभे राहिले आहे. ते खरेच आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, तेव्हा इंग्रजांची नजर वऱ्हाडाकडे वळली. आमच्या जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या कापसाचे नाव त्या बाजारात घेतले जात असे. भाऊ राहतो ते प्रेस्टन हे त्याच गिरण्यांच्या गावांपैकी एक. भावाच्या चर्चसाठीही ते जुने ठिकाण आहे: जुलै १८३७ मध्ये अमेरिकेतून त्यांचे पहिले सात मिशनरी इंग्लंडात आले आणि ३० जुलैला याच गावातल्या रिबल नदीत त्यांनी नऊ जणांना बाप्तिस्मा दिला.

तो इतिहास नऊ जणांचा असला तरी माझ्या भावाचे दिवस बहुतेक बंद दारांसमोर जातात. लोक सभ्यपणे नको म्हणतात, काही दार उघडतच नाहीत, एकाने हातातली पुस्तिका घेऊन त्याच्यासमोर फाडली. दुपारी चारला अंधार पडतो, पाऊस वरून न पडता बाजूने अंगावर येतो, आणि वर्धेच्या पंचेचाळीस अंशांत वाढलेल्या मुलाचे ओठ फाटून रक्त येते. मात्र त्याच पत्रांत दुसरेही असते. एका म्हाताऱ्या बाईचा सोफा त्यांनी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवला. प्रेस्टनमध्ये गुजराती वस्ती मोठी आहे. तिथल्या एका आजींनी त्यांचा उपदेश ऐकायला स्पष्ट नकार दिला, पण दोघांना आत बसवून गरम रोटल्या वाढल्या आणि भावाने हिंदीत त्यांच्या औषधाच्या चिठ्ठ्या वाचून कोणती गोळी कधी घ्यायची ते मोठ्या अक्षरांत लिहून दिले. त्या आजी बदलल्या नाहीत आणि बदलणारही नाहीत. भाऊ तरीही आठवड्यातून एकदा गोळ्यांची डबी भरून द्यायला जातो. गावातल्या प्रश्नाला माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे.

जानेवारीतल्या एका सोमवारी बाबा गच्चीवर आले. वर्षभरात ते पहिल्यांदाच त्या वेळी वर आले होते. फोन आईच्या हातात होता. ते तिच्या मागे उभे राहिले आणि नमस्कार-चमत्कार काही न करता त्यांनी थेट प्रश्न विचारला. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, आहे की बुद्धांनी आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी फिरायला पाठवले, तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नका असे सांगितले होते, म्हणजे जास्तीत जास्त गावांपर्यंत पोहोचता येईल. “मंग तुमचं हे दोघं दोघं कायले?”

हा प्रश्न त्यांनी किती महिने मनात ठेवला होता, कोणास ठाऊक. भाऊ जरा गडबडला. येशूनेही शिष्यांना दोघे दोघे करून पाठवले होते, असे त्याने आधी सांगितले. मग थांबून म्हणाला, “बाबा, खरं सांगू का, एकट्यानं दार वाजवाची मले भीती वाटली असती.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बाबांनी आईच्या हातातून फोन घेतला आणि मीही कधी न ऐकलेली गोष्ट सांगितली. आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन परत आले, त्यानंतर काही दिवसांनी घरातले जुने देव नदीत सोडायचे ठरले. गाव काय म्हणेल याची धास्ती होती, आजीचा जीव तुटत होता, आणि देव्हाऱ्याला हात लावताना आजोबांचा हात थरथरत होता. “एकटा नोता गेला तुहा आजा,” बाबा म्हणाले. “शेजारचा गडी होता संग. कापडात बांधून दोघं गेले, रातच्याले, अन् दोघंच वापस आले.”

पडद्यावर आयडाहोचा मुलगा भावाच्या खांद्यावरून पाहत होता. तुझे वडील काय म्हणाले, असे त्याने विचारले असावे, कारण भाऊ त्याच्याकडे वळून इंग्रजीत ती गोष्ट सांगू लागला: नागपूर, नदी, कापडाचे गाठोडे, दोन माणसे. बाबा फोन तसाच हातात धरून ऐकत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे मान वळवून हळूच विचारले, “बराबर सांगून राह्यला का तो?”

मी हो म्हटले.