पानाची डावी बाजू

आमच्या घरात डाव्या हाताला मान नव्हता. तीर्थ उजव्या हातावर, प्रसाद उजव्या हातावर, दुकानदाराला पैसे द्यायचे तेही उजव्या हाताने. चुकून डावा पुढे आलाच तर आजी नुसती त्याच्याकडे बघायची, की तो आपसूक पाठीमागे जायचा. असा हा एकावन्न वर्षं पाठीमागे राहिलेला हात. गेल्या वर्षी मी टेनिस शिकायला लागले आणि त्याने सगळ्याचा वचपा काढला.

शिकायला लागण्यामागे थोर कारण काही नाही. लेक नोकरीला पुण्याला गेली, रॅकेट कपाटावर राहिली, आणि चांगली वस्तू नुसती पडून राहिलेली मला बघवत नाही. राजेंद्र नगरातल्या आमच्या घरापासून दहा मिनिटांवर सिमेंटचं एक कोर्ट आहे. तिथे सकाळी सहाला पंचविशीतला एक मुलगा शिकवतो. घरी कुणाला फारसं पटलं नव्हतं. इंदूरच्या मराठी घरात खेळ म्हणजे क्रिकेट. सी. के. नायडूंच्या होळकर संघाने ४ वेळा रणजी करंडक जिंकला, हे आमच्याकडे पाढ्यांबरोबर पाठ करून घेत. टेनिस हे क्लबातल्या साहेबलोकांचं काम, असं नवऱ्याचं अजूनही मत आहे. मी परतताना त्याच्यासाठी गरम पोहे आणि जलेबी बांधून आणते, म्हणून तो ते मोठ्याने बोलत नाही इतकंच.

पहिल्या दिवशी कोच म्हणाला, "आंटीजी, तवा मत पकड़ो।" मी रॅकेट उलथन्यासारखी धरली होती, जणू चेंडू उलटायचाच होता. पुढचा महिनाभर चेंडू एक तर जाळीत, नाही तर कुंपणापलीकडच्या पेरूच्या झाडात. जाळीला अगदी घासून चेंडू गेला की मला ते मोठं कौशल्य वाटायचं. कोचने ते खूळ काढून टाकलं. चेंडू जाळीच्या वरून चांगलं हात-दोन हात अंतर ठेवून मारा, म्हणाला, आणि तिरका मारा. जाळी दोन्ही खांबांपाशी साडेतीन फूट असते आणि मधोमध ३ फूट, म्हणजे मध्यावरून जाणाऱ्याला अर्धा फूट सूट. शिवाय कोर्ट सरळ ७८ फूट लांब, पण एकेरीच्या कोर्टात कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजलं तर साडेब्याऐंशी. साडेचार फूट जास्तीची जागा फुकट मिळत असताना मी सरळ रेषेत जीव काढत होते! चेंडू शरीराच्या पुढे असतानाच गाठायचा, समोरच्याने मारायच्या क्षणी दोन्ही पायांवर हलकी उडी घेऊन तयार राहायचं, आणि जोराचा विचारच करायचा नाही. फक्त मोजायचं. पाच वेळा पलीकडे, मग दहा वेळा. दिवाळीपर्यंत मी सलग अठरापर्यंत पोचले होते. फोरहँडचं, म्हणजे उजव्या बाजूने मारायच्या फटक्याचं, माझं तसं बरं चाललं होतं.

मग सर्व्हिस आली, प्रत्येक पॉइंट सुरू करणारा फटका.

बाकी सगळ्या फटक्यांत दोष द्यायला कुणीतरी असतं. समोरच्याने फार जोरात मारला, चेंडू वेडावाकडा उसळला, उन्हाची तिरीप डोळ्यांत गेली. सर्व्हिसमध्ये चेंडू आपल्याच हातात, वेळ आपली, समोरचा बिचारा चूपचाप उभा. आणि तरी जाळीत. मी दोष उजव्या हाताला देत होते, कारण मारतो तो. दोन आठवडे खांदा फिरवून दुखवून घेतल्यावर कोचने मला मारायलाच बंदी केली. रॅकेट पुढच्या पायासमोर जमिनीवर ठेवायला लावली. आता नुसता चेंडू वर टाका, म्हणाला, खाली येताना तो त्या रॅकेटवर पडला पाहिजे.

वीस टॉस. रॅकेटवर तीन पडले. एक डोक्यामागे, एक चक्क कोचच्या चहात.

तेव्हा मी पहिल्यांदा डाव्या हाताकडे नीट पाहिलं. या हाताने आयुष्यभर काय केलं? धरलं. उजव्याने नारळ फोडला, डाव्याने धरला. उजव्याने कणीक मळली, डाव्याने परात धरली. उजवा सही करतो, डावा कागद दाबून बसतो. धरण्यात तो तरबेज आहे, पण सोडायचं काम त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून चेंडू तळव्यात घट्ट, बोटं शेवटच्या क्षणी उघडणार, मनगटाला झटका, की चेंडू निघाला डोक्यामागे. (इथून सोडून देण्याच्या तत्त्वज्ञानाकडे एक सुंदर रस्ता जातो, मला दिसतोय. मी त्या रस्त्याने जाणार नाही.)

चेंडू तळव्यात नाही, बोटांच्या पेरांवर धरायचा. कोपर सरळ, हात खांद्यातून वर, मनगट मुकं. हात डोळ्यांच्या पातळीवर आला की बोटं एकदम उघडायची, आणि चेंडू गेल्यावरही हात थोडा वरच राहू द्यायचा. "फेंको मत, रखो," असं कोच सांगतो. "हवा में रखो।" मी ते माझ्या भाषेत करून घेतलं: वरच्या फळीवर डबा ठेवावा तसं. आठवडाभराने लक्षात आलं, वरच्या फळीवर डबा मी नेहमी उजव्याच हाताने ठेवते.

एका बाबतीत या खेळाचे नियम दयाळू आहेत. टॉस वाकडा गेला तर मारायची सक्ती नाही. झेला, नाही तर पडू द्या आणि पुन्हा टाका. चूक धरत नाहीत. रॅकेट फिरवली आणि चेंडू हुकला, तर मात्र फॉल्ट. ही सवलत माहीत असूनही मी हातभर बाहेर गेलेल्या चेंडूमागे वाकून, लचकून, एक पाय हवेत उचलून मारत राहते. वर गेलेली गोष्ट परत घ्यायला लाज वाटते बहुतेक.

१९९३ ची विम्बल्डनची अंतिम लढत मला आठवते. याना नोवोत्ना तिसऱ्या सेटमध्ये स्टेफी ग्राफच्या ४-१ पुढे होती, ५-१ व्हायला एक पॉइंट हवा होता, आणि तिने डबल फॉल्ट केला, म्हणजे सर्व्हिसच्या दोन्ही संधी चुकवल्या. ग्राफने तिथून सलग पाच गेम घेतले, आणि बक्षीस समारंभात नोवोत्ना ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि म्हणाले होते, एवढी साधी सर्व्हिस कशी चुकते? त्या वाक्याबद्दल मी तिची मनोमन माफी मागितली आहे. १९९८ मध्ये ती विम्बल्डन जिंकली, हे बरं झालं.

मराठी पानाचा विचार केला की मला आता वेगळंच दिसतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, सगळं डावीकडे आणि चिमूट-चिमूटभर. पोट भरतं ते उजवीकडच्यानेच. पण चटणी बिघडली तर पानावरून उठताना तीच लक्षात राहते. टॉस ही माझ्या सर्व्हिसची चटणी आहे. दुसरी सर्व्हिस जमायला तर टॉस आणखी नेमका हवा, कारण ही सर्व्हिस घाबरून हळू मारायची नसते. चेंडू खालून वर घासत तितक्याच झपाट्याने मारायची, म्हणजे फिरकीमुळे तो जाळी ओलांडून आत वळतो, असं कोच सांगतो. माझा अजून वळत नाही.

सध्या संध्याकाळी गच्चीवर वीस टॉस टाकते, रॅकेट फरशीवर ठेवून. सासूबाई तिथेच खुर्चीवर माळ घेऊन बसलेल्या असतात. वय ब्याऐंशी. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "डाव्या हाताने काय गं हे?" आता विचारत नाहीत. परवा मात्र मधेच म्हणाल्या, "हा वाकडा. मारू नकोस."

वीस झाले. मी मोजायला विसरले होते. "आई, किती पडले हो रॅकेटवर?"

"मला काय माहीत? मी नाम घेत होते."

मी चेंडू गोळा करून जिन्याकडे वळले, तर मागून आवाज आला.

"तेरा."