मोरीपाशी थांबला

माझा थोरला भाऊ अकरा वर्षे ज्या दिंडीत टाळ घेऊन चालला, त्याच दिंडीबरोबर मी यंदा आळंदीहून पंढरपूरच्या वारीला निघाले. त्याला जाऊन दीड वर्ष झाले होते. दिंडीतल्या जवळपास प्रत्येकाला तो माहीत होता, त्यामुळे पुण्याच्या मुक्कामापर्यंत मला निदान चाळीस जणांनी तरी थांबवून विचारले, "कसं झालं हो एकाएकी?" माझ्याजवळ एक ठरलेले वाक्य होते. "रात्री झोपेतच गेला, त्रास झाला नाही." हे वाक्य मी दीड वर्ष बोलत होते. शाळेत, बँकेत, भाजीवाल्यापाशी, दहाव्याला आणि वर्षश्राद्धाला बोलून बोलून ते इतके गुळगुळीत झाले होते की त्यात माझा भाऊ उरलाच नव्हता. विचारणाऱ्यांची माया खरी होती आणि तरीही मला त्यांचा राग येत होता, हे मी इथे लपवत नाही.

भजनाने मन हलके होईल, असे निघताना सगळ्यांनी सांगितले होते. पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत अभंग कानावर पडत होते. वाटचालीतले मलाही पाठ होते, कारण आमच्या घरी ते लहानपणापासून म्हटले जात. पण मी म्हणत होते आणि आत काहीच हलत नव्हते. दिवे घाटात सारे अंग एका लयीत चालत असताना माझे लक्ष मात्र डाव्या टाचेकडे होते, कारण तिथे फोड धरला होता. सासवडला सोपानकाकांच्या समाधीपुढे मी हात जोडले आणि लगेच टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिले. तंबूत शेजारच्या बाई पहाटे अडीचलाच पिशव्यांची चुरचुर सुरू करत, भिशीच्या, म्हणजे दिंडीच्या जेवणाच्या, पंगतीत वाढणारे ओरडत, आणि रस्त्याकडेच्या स्वागतकमानींवरचे कर्णे कोणत्याच दिंडीचा अभंग पुरता ऐकू देत नसत. देवाचे नाव घेता घेता माणूस किती चिडू शकतो, ते मला त्या पाच-सहा दिवसांत कळले.

मुक्कामी सगळ्या दिंड्या मिळून करतात त्या समाजआरतीच्या वेळी मात्र आत काहीतरी झाले. चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात, हे वारकऱ्याला नवे नाही. ज्या दिंडीची काही तक्रार असते, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात आणि चोपदार तिच्यापाशी जाऊन ऐकून घेतात. वाल्ह्याला असेच एका दिंडीचे टाळ त्या शांततेत वाजत राहिले. लांबून ऐकताना मला त्या दिंडीचा हेवा वाटला. आपल्यालाही असे वाजवत राहता यावे, आणि कोणीतरी जवळ येऊन "काय झालं" हे नुसते विचारण्याऐवजी ऐकून घ्यावे, असे तीव्रतेने वाटले. पण मी काय वाजवणार होते?

त्याच मुक्कामी कीर्तनात ताटीच्या अभंगांची कथा लागली. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले आहेत आणि बाहेर उभी राहिलेली धाकटी बहीण त्यांना बोलावते आहे. मी ही कथा मराठीच्या तासाला वर्षानुवर्षे शिकवली आहे. त्या रात्री प्रथमच लक्षात आले की मुक्ताबाई भावाचे दुःख विचारत बसत नाहीत. त्या दाराशी उभ्या राहून अभंग रचतात आणि एकेका अभंगासरशी ताटी किलकिली होत जाते. पुढे 1296 मध्ये आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली तेव्हा तो वियोग नामदेवांनीही असाच अभंगांतून एकेक प्रसंग लावून सांगितला. या मार्गावर दुःख रचून सांगण्याची रीत सातशे वर्षांपासून आहे, आणि मी त्या रीतीची नुसती श्रोता होऊन चालले होते.

लोणंद मागे पडले. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्वांची दौड, झाले, पण मला अश्वांच्या पाठी तेवढ्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी निंभोऱ्यापासून पुढे फलटणच्या वाटेवर माझा पाय संपला. टाचेवरचा फोड सुपारीपेक्षा मोठा झाला होता आणि त्याच्याशेजारी दुसरा उठला होता. पाऊस नव्हता. दोन्ही बाजूंना उसाची शेते, मधून डांबर, आणि डांबरावरून वर येणारी धग. मी पाय ओढत ओढत रांगेतून मागे पडले, दिंडीची पताका दिसेनाशी झाली, आणि एका बाभळीच्या विरळ सावलीत मी मटकन खाली बसले. रडू आले नाही. फक्त उठायची इच्छा गेली.

"पाय दाव, माय."

परभणीकडच्या एक मावशी समोर उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढे असाव्यात. नऊवारी गुडघ्याच्या जरा खाली खोचलेली, डोक्यावर तुळस, आणि पाठीवर खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. त्यांनी तुळस अलगद बाभळीच्या बुंध्याशी ठेवली, माझा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला आणि कमरेच्या चंचीतून सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचे रीळ काढले. एका लहान बाटलीत हळद कालवलेले तेल होते. सुईच्या नेढ्यात दोरा ओवताना त्यांचे हात थरथरत होते, म्हणून मी घेऊ लागले, तर म्हणाल्या, "राहू दे. मला जमतं, येळ लागतो येवढंच." पाचव्या खेपेला दोरा गेला. तो त्यांनी तेलात बुडवला, सुई फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोके बोटभर सोडून कापली. पाणी दोऱ्याच्या टोकांनी थेंब थेंब गळू लागले. कातडी फाडायची नाही, दोरा ओढायचा नाही, आपोआप वाळेल, असे त्यांनी बजावले.

मग त्यांनी विचारले, "कोन गेलं तुजं?"

मी माझे वाक्य म्हटले. त्यांनी मान हलवली.

"मेला कसा ते नाही इचारलं. चालायचा कसा?"

हा प्रश्न मला दीड वर्षात कोणी विचारला नव्हता. मी म्हणाले की आमची शाळा घरापासून तीन किलोमीटरवर होती, दादाची ढांग लांब, तो नेहमी माझ्या बराच पुढे जायचा आणि कालव्याच्या मोरीपाशी थांबून माझी वाट बघायचा. मी पोहोचले की न बोलता पुन्हा चालू लागायचा. एवढे सांगितले आणि गप्प झाले. मावशी दुसऱ्या फोडासाठी दोरा ओवत होत्या. सुईकडे बघत, हळू, जात्याच्या फिरत्या चालीवर त्यांनी ओळ धरली:

पंढरीच्या वाटं बाई धुरळा गं दाटला

"म्हन," त्या म्हणाल्या. मी म्हटली. त्यांनी तीच ओळ पुन्हा धरली, मी पुन्हा म्हटली, आणि तिसऱ्या खेपेला त्यांच्या तोंडून दुसरी ओळ आली:

पुढं गेला माझा बंधू मोरीपाशी थांबला

ती ओळ मला मागून म्हणता आली नाही. "पुढं गेला" एवढे म्हटले आणि दीड वर्षाचे सगळे बाहेर आले. रस्त्याने दिंड्या जात होत्या, ट्रकचे भोंगे वाजत होते, आणि मी त्या अनोळखी बाईच्या खांद्यावर डोके टेकून हमसून हमसून रडत होते. त्यांनी समजूत घातली नाही. त्या एका हाताने माझा पाय धरून ओवी पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. केव्हातरी माझाही आवाज त्यात मिसळला.

त्या दुपारी माझ्यात नेमके काय घडले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. अभंग ऐकणे आणि म्हणणे मी सोडले नव्हते, पण ती दुसऱ्याने रचलेली, पूर्ण झालेली गोष्ट होती. ओवी रचायची तर माझ्या भावाचीच मोरी लागते, त्याचीच ढांग लागते. दुःखाची बातमी मोघम असली तरी चालते, ओवीला मोघम चालत नाही. आणि ती एकटीने होत नाही. मावशींनी सांगितलेले कारण मला कोणत्याही पुस्तकी कारणापेक्षा पटले. "जनीला दळू लागाया देव का आला? दळन जड व्हतं म्हनून नाही. म्हननारी एक आन धरनारी एक लागती." दुसरी बाई पहिली ओळ धरते तेवढ्या वेळात पहिलीला दुसरी ओळ सुचते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी खेड्याखेड्यांतून अशा 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, मेलेले मूल, सगळे त्यांत आहे. मी वर्गात त्यांना लोकसाहित्य म्हणत आले. जात्याशी बसून बायका एकमेकींची जखम धूत होत्या, हे मला पायात दोरा घालून घेतल्यावर समजले.

फलटणला आम्ही अंधार पडता पडता पोहोचलो. मावशींची दिंडी वेगळी होती, तरी पुढचे तीन दिवस त्या वाटेत मला शोधून काढत. बरडच्या अलीकडे मी त्यांना विचारले की तुम्ही कोणासाठी रचता. "लेक," त्या म्हणाल्या. एकोणिसाव्या वर्षी शेतात पान लागले, म्हणजे साप चावला. त्यांनी तिच्या सत्तावीस ओव्या मला म्हणून दाखवल्या. एकेका वारीत एक-दोन वाढतात, असे म्हणाल्या. एका ओवीत तिच्या पोलक्याचा रंग आला होता, एकीत ती मीठ कमी घालायची हे आले होते. म्हणताना त्यांचे डोळे कोरडे होते आणि आवाज लख्ख होता.

रिंगणे झाली. वेळापूरच्या अलीकडे धावा, म्हणजे पंढरीच्या ओढीने पळणे, झाला. भंडीशेगावच्या अलीकडे ज्ञानदेव आणि सोपानकाकांच्या पालख्यांची बंधुभेट झाली आणि मी गर्दीत टाचा उंचावून ती पाहिली. पंढरपुरात दर्शनबारी पाहून मी कळसाचे दर्शन घेतले आणि चंद्रभागेच्या वाळवंटातून परत फिरले. या साऱ्याविषयी इतरांनी माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. मला नातेपुत्याच्या रात्रीविषयी लिहायचे आहे.

नातेपुत्याला तंबूमागे, दिंडीच्या ट्रकच्या आडोशाला उभी राहून मी आईला फोन लावला. आई ऐंशीची आहे. दादा गेल्यापासून तिने त्याचे नाव घेतले नव्हते. कोणी घेतले तर ती उठून आत जात असे. मी तिला दोऱ्याची हकिकत सांगितली आणि मग धीर करून ओवी म्हटली. पलीकडून बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. फोन ठेवला की काय, असे मला वाटले.

"तो तुझ्यासाठी नव्हता थांबत," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"मोरीच्या पलीकडे एक काळं कुत्रं बसायचं. त्याला एकट्याला पुढे जायची भीती वाटायची. तू आलीस की जायचा. तुला सांगू नकोस म्हणून मला शपथ घातली होती."

आणि आई हसली. दीड वर्षाने मी तिचे हसणे ऐकत होते, आणि हसता हसता तिचा आवाज फाटत होता. गेलेल्या माणसाविषयी आता नवे काही कळणार नाही, असे मी धरून चालले होते. त्या ट्रकच्या आडोशाला मला आठ वर्षांचा, घाबरलेला, माझी वाट बघणारा दादा नव्याने मिळाला.

"थांब," आई म्हणाली, "मी म्हणते." पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या घरातले जाते उचलून परसात ठेवले, त्यानंतर तिला ओवी म्हणताना मी ऐकले नव्हते. चाल तिला शोधावी लागली नाही. एकच शब्द तिने बदलला:

पंढरीच्या वाटं बाई धुरळा गं दाटला
पुढं गेला माझा लेक मोरीपाशी थांबला

मी ओळ धरली. तिने पुन्हा म्हटली, मी पुन्हा धरली. तंबूतून कोणीतरी दिवा मालवायला सांगत होते.

"उद्या कुठवर आहे चाल?" शेवटी तिने विचारले.

"माळशिरसपर्यंत."

"त्या बाईंनी घातलेला दोरा काढू नकोस इतक्यात," आई म्हणाली. "आणि त्या कुत्र्याची ओवी जमते का बघ. मी इकडे बघते."